मेढीखालचा पाईप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोराला-पोरीला नाही, देवाला तर नाहीच – त्याला माहीत असेल तर सांगायचं काय, आणि माहीत नसेल तर सांगून उपयोग काय? तुम्हाला सांगतोय ते एवढ्यासाठी की तुम्ही आमच्या गल्लीतले नाही. आमच्या गल्लीत सकाळी बोललेली गोष्ट दुपारी स्टेशनाजवळच्या रिक्षास्टँडवर पोचलेली असते. तुम्हीही ही गोष्ट स्वतःपाशी ठेवाल, याची मला खात्री नाही. पण असू द्या.

आधी माझा स्वभाव सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी संशयी आहे. दूधवाल्याच्या मापावर माझा डोळा असतो. मीटर बघायला माणूस आला की त्याच्या मागं उभा राहून मी आकडा परत वाचतो. नोकरीही तशीच मिळाली – बियाणं तपासायची. शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचे, आठवड्यानं किती उगवले ते मोजायचे, वहीत लिहायचं, आणि उगवलेले कोंब फेकून द्यायचे. सगळी उमर यातच गेली. पिशवी समोर आली की आधी वाटायचं, हिच्यात खोट आहे. बऱ्याचदा असायचीही. त्यामुळं स्वभाव सुधारायची वेळच आली नाही. लोक म्हणायचे, सुधाकरराव, तुमची नजर लय बारीक. मला ते ऐकायला आवडायचं.

एवढ्या बारीक नजरेच्या माणसाला स्वतःच्या हातातली पहार दिसली नसेल का? दिसली होती. पण पहारीकडे नंतर येतो. एकदम नाही येता येत.

आमचं घर परभणीत, एका जुन्या कॉलनीत. शेजारी गिरजाकाकू. मध्ये छातीएवढी एकच भिंत. काकूंच्या मालकांना सगळी गल्ली अप्पा म्हणायची. ते राणीसावरगावहून आले, किराणा दुकान टाकलं, प्लॉट घेतला, आणि घराचा पाया खणायच्या आधी प्लॉटच्या मागच्या अंगाला बेल लावला. लिंगायत घर. रोज सकाळी आंघोळ झाली की इष्टलिंग तळहातावर घ्यायचं आणि त्याला बेल वाहायचा – तोही आपल्या झाडाचा. अप्पा वारले तोवर झाड घराच्या वर गेलं होतं.

त्या झाडाचं एक वेगळंपण होतं. बेलाला पानं तीन असतात, हे तुम्हाला माहीत आहे. पण या झाडाला मधूनच कुठंतरी पाच पानांचा बेल यायचा. तसा बेल मिळणं म्हणजे लोक भाग्य समजतात. काकू दर सोमवारी शोधून शोधून पाच पानांचे बाजूला काढायच्या, आणि स्वतःला एक ठेवून बाकीचे गल्लीत वाटायच्या. आमच्या फाटकाच्या कडीत एक खोचून जायच्या. मला त्याचासुद्धा संशय यायचा. म्हणायचो, म्हातारीला आपल्याकडून काहीतरी पाहिजे असणार. काहीही नको होतं. हे मला आता माहीत आहे, आणि आता माहीत असून काय करायचं?

नऊ वर्षांपूर्वी माझ्या पोरीचं लग्न ठरलं, चुडाव्याच्या पाहुण्यांकडं. लग्न मंगल कार्यालयात, पण मांडव दारात घालायचाच होता. मांडव म्हटला की मुहूर्तमेढ आली. भटजींनी पंचांग बघितलं आणि मेढीचा कोपरा सांगितला – पुढच्या अंगणातला, भिंतीला लागून.

त्या कोपऱ्यातून आमच्या संडासाची लाईन जायची. संडास-बाथरूम पुढच्या बाजूला, पायऱ्यांजवळ. सेप्टिकची टाकी फाटकाशी. मधल्या पट्ट्यात भाजक्या मातीचे जुने पाईप. घर बांधताना मी स्वतः उन्हात उभा राहून ते टाकून घेतले होते, तेव्हा माहीत नव्हतं असं कसं म्हणू? मी भटजींना म्हणू शकलो असतो, गुरुजी, इथून संडासाची लाईन गेलेली आहे, दोन हात सरकून घेऊ. पण मुहूर्ताच्या वेळी, पाच सवाष्णी ताट घेऊन उभ्या असताना, संडासाचं नाव कोण काढणार? मी नाही काढलं. वाटलं, चुकवून खणू.

खड्डा मीच खणला. पोरीच्या बापानं खणायचा, अशी हौस माझीच. उन्हाळ्यानं काळ्या मातीला भेगा पडल्या होत्या, वरचं ढेकूळ दगडासारखं होतं, म्हणून जोर लावून पहार मारत होतो. हातभर खाली गेलो आणि पहार एकाएकी हलकी झाली. खालून मडकं फुटावं तसा आवाज आला. आणि वास – थोडासाच. मागं बायका गाणं म्हणत होत्या. कुणी ऐकलं नसावं. बायकोनं ऐकलं का, हे मला आजही माहीत नाही. मी कधी विचारलं नाही, आणि तिनं कधी काढलं नाही, म्हणून तिचाही संशय येतो.

मी काय केलं? खड्ड्यात हळकुंड टाकलं, सुपारी टाकली, आणि भोकाचा पैसा टाकला. हा पैसा निजामाच्या काळातला, तांब्याचा, मधोमध भोक पडलेला. माझ्या आईच्या पेटीतला. आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नात तो मेढीखाली जातो, आणि मांडव उतरला की उकरून धुऊन परत पेटीत. पैसा खाली पडला तो मातीवर थांबला नाही. मी बघितलं – तो फुटक्या पाइपात गेला. मग मेढ उभी केली, माती लोटली, वरून कलशातलं पाणी. हळदीकुंकू. सगळ्यांनी अक्षता टाकल्या.

एकदा रोवलेली मेढ लग्न होईपर्यंत हलवायची नसते. हलवली तर अपशकुन. मग बोलून काय उपयोग, असं मी मनाशी म्हटलं. लग्न चांगलं पार पडलं. मांडव उतरला तेव्हा बायको म्हणाली, पैसा काढून घ्या. मी उगाच वरवर उकरलं आणि सांगितलं, सापडत नाही, मातीत गेला.

पावसाळ्यात काळी माती फुगली आणि लाईन तुंबली. आधी संडासात पाणी साठायला लागलं. मग अंगणातून वास. मग मधली भिंत बुडाशी ओली झाली, आणि ओल काकूंच्या बाजूला फुटली. आता तुम्हाला वाटेल, या माणसाला लगेच कळलं असेल. कळलं होतं हो. पण कळणं आणि कबूल होणं यात किती अंतर असतं, ते माझ्यासारख्याला विचारा. मी पहिल्या दिवसापासून दुसऱ्यांवर संशय घ्यायला लागलो. नाली काढणारे नीट काढत नाहीत. समोरच्यानं ओटा वाढवून नाली दाबली. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून – हे माझ्या आईचं बोलणं, आणि ती माझ्याकडे बघूनच म्हणायची.

मग ऑफिसात कुणीतरी म्हणालं, झाडाच्या मुळ्या पाइपात शिरतात. झालं. मला हवं ते मिळालं. बेल मागच्या अंगाला, लाईन पुढच्या, मध्ये वीसेक पावलं. तरी मी गल्लीत बोलायला सुरुवात केली. आधी हळू, मग मोठ्यानं. भिंतीजवळ उकरून मूठभर मुळ्या काढल्या आणि चार जणांना दाखवल्या. त्या माझ्याच जास्वंदीच्या होत्या. जास्वंद तिथंच उभी होती, लाल फुलं लागलेली, आणि चारपैकी एकालाही शंका आली नाही. माझी नजर बारीक, हे सगळ्यांना माहीत होतं ना.

त्या मुळ्या घेऊन मी काकूंकडं गेलो. ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या घरात घाण यायलीय म्हणल्यावर मी झाड कशी ठिवू? पण येवढा श्रावण जाऊ द्या."

त्या रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी श्रावण जाऊ दिला आणि तेवढ्यावर स्वतःला मोठ्या मनाचा समजलो. त्या महिन्यात काकू रोज झाडाच्या बुडाशी पाणी घालायच्या. तोडायच्या झाडाला पाणी कशाला, असं मी बायकोला म्हटलेलं आठवतं.

दिवस ठरला तो भाद्रपदातला. दोन्ही कामं एकदम – तिकडं झाड तोडायला लाकूडतोडे, इकडं लाईन उकरायला रज्जाक मिस्त्री. मीच तसं ठरवलं होतं. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झाड जाईल आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पाईप निघेल, म्हणजे पुन्हा कुणी बोलणार नाही. काकूंनी सकाळी झाडाला हळद लावली, हात जोडले. त्या दिवशी त्या जेवणार नव्हत्या. मग पायरीवर जाऊन बसल्या.

दहाच्या सुमारास भिंतीपलीकडं फांद्या पडायला लागल्या. मिस्त्री हातभर खाली गेला होता. पाइपाचा वरचा भाग बाहेर आला, आणि मिस्त्री थांबला. मला खाली बोलावलं.

"साहेब, मुळी एक बी न्हाई हितं. हे पहारीनं फुटलंय."

आणि फुटक्या पाइपात हात घालून त्यानं चिखलाचा गोळा काढला, पाण्यात खळबळला. सुपारी. काळी पडलेली, कुजकी. आणि भोकाचा पैसा. गाळ त्याच्याशीच अडून बसला होता.

मिस्त्री परभणीतलाच. मांडवांचे खड्डे त्यानंही खणलेले. त्यानं पैसा बघितला, मग माझ्याकडं बघितलं, मग भिंतीकडं. हळूच म्हणाला, "हे तर मेढीचं हाय. ती बाई झाड तोडायलीय ते ह्याच्यापायी का?"

मी त्याच्या हातातून पैसा घेतला. मूठ झाकली. म्हणालो, तुम्ही नवा पाईप टाका.

अजून वेळ होता – हे मला तुम्हाला सांगायचंय. हेच सांगायचंय, बाकीचं सगळं इथवर यायला होतं. भिंतीवरून मी बघितलं. फांद्या गेल्या होत्या, पण खोड उभं होतं. बेलाची जात चिवट, नुसत्या खोडाला पुन्हा पालवी फुटते. बियाण्याच्या खात्यात जन्म काढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. एक शब्द पुरे होता. थांबा. एवढंच. लाकूडतोडे कुऱ्हाड टेकवून तंबाखू मळत बसले होते.

तेवढ्यात काकू पायरीवरून उठल्या. भिंतीपाशी आल्या. त्यांना फक्त खात्री करून घ्यायची होती बहुतेक. विचारलं, "भाऊ, घावल्या का मुळ्या?"

मूठ झाकलेली होती. पैशाची कड तळव्यात रुतत होती. खड्ड्यात मिस्त्री मान खाली घालून बसला होता.

मी म्हणालो, "हो काकू. लय होत्या."

काकूंनी मान हलवली. "मग तोडा म्हणा," असं म्हणाल्या आणि घरात गेल्या. लाकूडतोड्यांना खूण मी केली. खोड पडलं तेव्हा मी तिथंच होतो. आणि एवढ्यावर भागलं असं वाटत असेल तर ऐका – बुंधासुद्धा मीच खणून काढायला लावला. सांगितलं, पुन्हा फुटायला नको.

का बोललो नाही? पोर नव्यानं सासरी गेली होती, मेढ संडासाच्या पाइपात रोवली हे चुडाव्यापर्यंत गेलं असतं तर लोकांनी काय काय जोडलं असतं – असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं नाही. पण ते खरंही नाही. खरं इतकंच की सगळ्या गल्लीसमोर मी बरोबर ठरलो होतो आणि मला चूक ठरायचं नव्हतं. त्यापायी शेजारणीचा देवाला वाहायचा बेल गेला. मला लाज वाटते. नुसती लाज नाही, किळस येते स्वतःची.

नवा पाईप मिस्त्रीनं खाली वाळू घालून व्यवस्थित टाकला. लाईन आजही छान चालते, कधी तुंबली नाही. मिस्त्री मात्र त्यानंतर आमच्याकडं कामाला आला नाही. बोलावलं की म्हणतो, येतो साहेब, आणि येत नाही. बाजारात दिसला की हसून सलाम करतो. त्या हसण्यात काय असतं, ते शोधायचा मी खूप प्रयत्न केला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते हेच. त्यानं कुणाला सांगितलं असेल? काकूंना? काकूंनी मला कधी तसं दाखवलं नाही, पण न दाखवणारी माणसं असतातच की. पैसा मी फ्यूजच्या तारांच्या डब्यात, तळाशी ठेवला. मुलाच्या लग्नात बायकोनं त्याची आठवण काढली. मी म्हणालो, तो गेला ना तेव्हाच. मेढीखाली साधं नाणं घातलं.

काकूंनी तोडलेल्या फांद्यांचा बेल वाळवून डब्यात भरला होता. बेल शिळा होत नाही, धुऊन पुन्हा वाहिला तरी चालतो. तसा त्यांनी कितीतरी दिवस चालवला. चुरा झाला तेव्हा देवळापर्यंत चालत जायच्या, तिथल्या झाडाचा आणायच्या. मग गुडघे गेले. मग डोळ्यांवर पडदा आला, एक डोळा पार गेला, दुसऱ्याला धूसर दिसतं. तेव्हापासून त्यांना बेल मी आणून देतो. हो, मीच. स्टेशनाजवळच्या फुलवालीकडून, एक दिवसाआड. काकू दर वेळी म्हणतात, "भाऊ, तुमच्यासारखा शेजारी मिळायला पुण्याई लागती." गल्लीत माझं नाव निघतं. सून माहेरी जाऊन सांगते, आमचे मामंजी शेजारच्या आजींचं किती करतात. आता यावर तुम्ही काय म्हणाल?

आणि अजून एक राहिलं. तेही सांगून टाकतो.

झाड गेलं, बुंधा गेला, पण एक मुळी माझ्या बाजूला आली होती. मागच्या बाजूला, धुण्याच्या दगडापाशी. लाईनपासून पार दूर. पहिल्या पावसाळ्यात तिथं एक कोंब आला. दोन बोटांचा, काटेरी, आणि त्याला तीन पानं. मी तो उपटला. पुढच्या वर्षी आला, उपटला. दर वर्षी येतो. वाढू दिला तर कुणीतरी विचारेल, हा बेल इथं कसा, मुळ्या तर पुढं गेल्या होत्या ना? म्हणून उपटतो, असं मी म्हणतो. काकूंना तर आता भिंतीपलीकडचं दिसतही नाही. मग कुणाला दिसू नये म्हणून उपटतो मी? काढला की पानासकट नालीत टाकतो, आणि वर पाणी सोडतो.

यंदाचा शेवटचा श्रावणी सोमवार. फुलवालीकडं गेलो तर बेल संपलेला, दुसरीकडंही नाही. मोकळ्या हातानं परत आलो. काकू पूजा मांडून बसलेल्या, लिंग तळहातावर, वाट बघत. मी मागं गेलो. कोंब यंदा गुडघ्याएवढा झाला होता, कारण मध्यंतरी मी महिनाभर पोरीकडं होतो. घाईघाईनं पाच-सहा डहाळ्या तोडल्या, बोटाला काटा लागला, तशाच धुतल्या आणि काकूंच्या ताटात नेऊन ठेवल्या.

काकू आता बेल बोटांनी बघतात. एक उचलायचा, पानं चाचपायची, किडका असेल तर बाजूला टाकायचा. दोन बघितले. तिसरा उचलला आणि थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून चाचपला. एकेक पान, सावकाश. मीही बघितलं तेव्हा. तोडताना बघायला पाहिजे होतं. त्या बेलाला पाच पानं होती.

त्यांनी मान वर केली. माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता, तरी त्या माझ्याकडंच बघत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, बाजारात पाच पानांचा बेल मिळायलाय का आता?"

मी म्हणालो, "हो काकू. मिळतो कधी कधी."

"मिळत असंल," म्हणाल्या, आणि तो बेल लिंगावर वाहिला.

मी घरी आलो. मागच्या खोलीतून पहार काढली, तीच. धुण्याच्या दगडापाशी गेलो आणि उरलेलं मूळ खणून काढलं.